नौकेवरील यंत्र आणि तांडेलाची विद्या

काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरातील एका पहाटे हर्णैच्या बंदरातून एका परिचित तांडेलांच्या नौकेत बसून मी समुद्रावर गेलो होतो. त्या दिवशी नौकेच्या केबिनमध्ये नवे यंत्र बसवून जेमतेम आठवडा झाला होता आणि त्याच्या रंगीत पडद्याकडे पाहताना त्या साठीच्या गृहस्थांच्या मुद्रेवर जो निष्पाप अभिमान उमटला होता, तो मला अद्याप आठवतो. एकाच पेटीत दोन विद्या एकवटल्या होत्या. नौका पृथ्वीच्या पाठीवर नेमकी कोठे आहे हे आकाशातून सांगणारे जीपीएस आणि नौकेखाली पाणी किती व त्यात काय आहे हे ध्वनीने चाचपणारे सोनार, म्हणजे ज्याला बंदरावर सर्वजण फिशफाइंडर म्हणतात ते. किनारा दूर राहिल्यावर इंजिनाचा वेग वाढला आणि पडद्याचा वरचा अर्धा भाग दाट ठिपक्यांनी भरून गेला. “मास्तर, बघा, मासळी लागली!” असे म्हणून तांडेलांनी जाळे सोडण्याचा हुकूम दिला. जाळे रिकामे आले. दुसऱ्यांदा सोडले, तेही रिकामे आले. दुपारपर्यंत हाच क्रम चालला, आणि अखेर डिझेलचा हिशेब मनाशी करीत आम्ही परत फिरलो.

त्या ठिपक्यांचा उलगडा व्हायला पुढचा पावसाळा यावा लागला. नौका किनाऱ्यावर ओढून शाकारताना तिच्या तळाकडे पाहिले, तेव्हा ध्वनी सोडणारा व ऐकणारा जो भाग, म्हणजे ट्रान्सड्यूसर, तो पंख्याच्या अगदी लगत, इंजिनाचे गरम पाणी बाहेर पडते त्या नळीच्या मागे ठोकलेला आढळला. त्यामुळे नौका वेगात चालू लागली की बुडबुड्यांचा एक पडदा त्याच्या तोंडापुढून अखंड वाहत असे, आणि हवेचा बुडबुडा हा ध्वनीला फार जोराने परत पाठवीत असल्यामुळे ते यंत्र प्रामाणिकपणे बुडबुड्यांचेच चित्र काढीत होते. ज्या दुकानदाराच्या माणसाने ते तासाभरात बसवून पैसे मोजून घेतले, त्याचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही, कारण तो एकटाच तसा होता असे मला वाटत नाही. मी कोकणातील एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवीत असे. प्रतिध्वनीचा धडा मी पंचवीस वर्षे मुलांना शिकवला. आणि त्या दिवशी नौकेवर बसूनही त्या ठिपक्यांचा अर्थ मला कळला नाही, ही गोष्ट माझ्या मनाला आजही लागून राहिली आहे.

हा विषय वृत्तपत्राच्या वाचकांपुढे मांडण्यास मी प्रवृत्त झालो, याचे कारण हे की महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आज अशी यंत्रे बंदरोबंदरी दिसतात, सरकारी अनुदानाच्या तजविजीतूनही ती मिळतात, आणि तरीही यंत्र नीट बसले की नाही व ते वापरणाऱ्यास उमगले की नाही याची खातरजमा करण्याची जबाबदारी कोणाच्याही दप्तरी नोंदलेली मला आढळलेली नाही. यंत्राला पैसा मिळतो, विद्येला मिळत नाही, अशी माझी तक्रार आहे, आणि ती मी तपशिलाने सांगणार आहे, कारण तपशिलाशिवाय केलेली तक्रार सरकार-दरबारी फार काळ टिकत नाही.

पूर्वीच्या दर्यावर्दी माणसाला पाण्याची खोली मोजायची असे तेव्हा तो शिशाचा गोळा बांधलेली दोरी सोडी आणि हातांच्या वावांनी ती मोजी. मोठ्या जहाजांवर त्या गोळ्याच्या बुडाशी खळगा ठेवून त्यात चरबी भरीत, म्हणजे तळाची वाळू, चिखल वा शिंपल्यांचा चुरा तिला चिकटून वर येई आणि खोलीबरोबर तळाची जातही कळे. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समधील पॉल लांजव्हँ यांनी स्फटिकाला विजेने कंप देऊन पाण्यात ध्वनिलहरी सोडण्याची व त्यांचा प्रतिध्वनी टिपण्याची युक्ती सिद्ध केली, आणि १९४८ साली जपानमधील नागासाकी परगण्यातील फुरुनो बंधूंनी तिचाच उपयोग करून मासळी शोधणारे यंत्र बाजारात आणले. तत्त्व इतके साधे आहे की ते आठवीच्या मुलालाही समजते. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो. नौकेखाली ३० मीटर पाणी असेल तर जाऊन-येऊन ६० मीटरांचा प्रवास त्याला सेकंदाच्या चार शतांशांत घडतो. यंत्र हा वेळ मोजते, त्याला वेगाने गुणते, निम्मे करते आणि अंक दाखवते. अंक मिळवणे हे यंत्राचे काम. त्या अंकाचा व त्या चित्राचा अर्थ लावणे हे माणसाचे काम आहे, आणि येथेच आमचे तांडेल एकटे पडतात.

पडद्यावरील चित्र हे समोरच्या समुद्राचे छायाचित्र आहे, असा समज मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. वस्तुतः पडद्याच्या उजव्या कडेची एक बारीक उभी रेघ एवढाच या क्षणाचा वृत्तान्त असतो, आणि तिच्या डावीकडे जे काही सरकत जाते तो सगळा इतिहास असतो. डावीकडे दिसणारा मासा नौकेच्या डाव्या बाजूस नसतो, तो नौकेने केव्हाच मागे टाकलेला असतो. ध्वनीची लहर खाली जाताना शंकूप्रमाणे पसरते. एखाद्या यंत्राचा हा शंकू २० अंशांचा असेल तर ३० मीटर खोलीवर त्याचा घेर सुमारे साडेदहा मीटर रुंद होतो, आणि मासा या शंकूच्या कडेतून आत शिरून मधून जाऊन दुसऱ्या कडेने बाहेर पडला की त्याचे अंतर आधी अधिक, मग कमी, मग पुन्हा अधिक होत गेल्याने पडद्यावर कमान उमटते. ही कमान कशी होते हे ज्याला एकदा समजले, तो यंत्राने आपणहून काढलेल्या माशांच्या चित्रांवर विसंबून राहत नाही. कारण ती चित्रे म्हणजे यंत्राचा तर्क आहे, आणि हा तर्क बुडबुडा, तरंगते शेवाळ व मासा यांच्यात पुष्कळदा घोटाळा करतो. माशाच्या मांसाहूनही त्याच्या पोटातील हवेची पिशवी ध्वनीला अधिक जोराने परत पाठवते. घोळ माशाची हीच पिशवी बाजारात एवढ्या मोलाची ठरते हे आमच्या कोळी बांधवांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, पण पडद्यावर मासळी दिसते ती मुख्यतः तिच्याचमुळे, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

तळाचीही भाषा असते. मऊ चिखलात ध्वनी मुरतो आणि परतणारी रेघ क्षीण व विरळ उमटते. खडक वा घट्ट वाळू असेल तर रेघ जाड व तेजस्वी दिसते, इतकेच नव्हे तर ध्वनी तळावरून पृष्ठभागावर व पृष्ठभागावरून पुन्हा तळावर आदळून दुप्पट खोलीवर तळाची दुसरी रेघ काढतो. या दुसऱ्या रेघेला घाबरून यंत्र बिघडले असे मानणारे तांडेल मी पाहिले आहेत. खरे पाहता शिशाच्या गोळ्याच्या चरबीने जे सांगितले असते तेच ती सांगत असते, की खाली तळ कठीण आहे, जाळे सांभाळा. मऊ तळावर जाळे ओढणाऱ्याने आणि खडपाच्या कडेला गळ टाकणाऱ्याने एकच रेघ निरनिराळ्या हेतूने वाचायची असते. हे वाचन शिकवता येते, आणि मला विचाराल तर त्याला तीन दिवसांहून अधिक लागत नाहीत.

बहुतेक यंत्रांत दोन स्वर असतात, एक ५० किलोहर्ट्झचा व दुसरा २०० किलोहर्ट्झचा. पहिला खोलवर जातो पण त्याचा शंकू रुंद व चित्र ढोबळ. दुसरा लवकर क्षीण होतो पण त्याचे चित्र सूक्ष्म. मुंबईसमोर उथळ समुद्राची पायरी दोनशे किलोमीटरांहूनही अधिक रुंद आहे, आणि आमच्या लहान नौका जेथे मासेमारी करतात तेथील पाणी बहुधा काही दशक मीटरांचेच असते. तेव्हा त्यांच्या कामाला दुसरा स्वर योग्य, हे उघड आहे. उलट विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरांवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला पठारी प्रदेश आहे. त्याचा माथा पृष्ठभागाखाली अवघा वीस-पंचवीस मीटर आणि भोवतालचे पाणी त्याहून पुष्कळ खोल. त्याच्या कडेवरून उतरताना स्वर बदलला नाही तर तळ पडद्यावरून नाहीसा होतो. यंत्र कारखान्यातून ज्या स्थितीत आले त्याच स्थितीत वर्षानुवर्षे चालवणाऱ्या माणसाला या दोन पाण्यांतील भेद पडद्यावर कधीच दिसत नाही, आणि तो दोष त्याच्या बुद्धीचा नाही.

बसवण्याची रीत सांगायची तर ट्रान्सड्यूसर अशा जागी हवा की जेथे नौका वेगात असतानाही पाणी अखंड व स्वच्छ वाहते, पंख्यापासून व पाणी बाहेर टाकणाऱ्या नळ्यांपासून दूर. तळाला भोक पाडण्याच्या भीतीने काही जण तो आतल्या बाजूस चिकटवून घेतात. भरीव फायबरच्या तळातून ध्वनी पार जातो, पण लाकडाच्या फळीतून किंवा मध्ये फोम भरलेल्या तळातून जात नाही. म्हणून लाकडी नौकेवर हा मार्ग पत्करणे म्हणजे कानात बोळे घालून गाणे ऐकायला बसणे होय. त्याच्या तोंडावर शेवाळ व शिंपले चढतात ते हलक्या हाताने काढावेत, आणि पावसाळ्यापूर्वी तळाला रंग देताना त्याच्यावरही जाड रंगाचा हात फिरवू नये. वीज थेट बॅटरीतून, पुरेशा जाडीच्या तारेने, बॅटरीजवळच फ्यूज घालून घ्यावी; नाहीतर इंजिन सुरू करण्याच्या धक्क्याने यंत्र बंद पडून पुन्हा चालू होते. आकाशाचा वेध घेणारा अँटेना केबिनच्या पत्र्याखाली लपवू नये, त्यावर ओली जाळी रचू नयेत. आणि होकायंत्राच्या शेजारी पडदा वा वायरलेसचा भोंगा बसवू नये, कारण भोंग्यातील लोहचुंबक सुई फिरवतो आणि तांडेलाला ते कळतही नाही.

आता आकाशाकडे वळू. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून आपापल्या अणुघड्याळांची वेळ सतत सांगत असतात. नौकेवरील यंत्र ती वेळ ऐकते, संदेश पोहोचायला लागलेल्या विलंबावरून अंतर काढते आणि अशा तीन अंतरांच्या छेदातून आपले स्थान ठरवते. चौथा उपग्रह लागतो तो नौकेवरील स्वस्त घड्याळाची चूक काढण्यासाठी, कारण सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूकसुद्धा अंतरात ३०० मीटरांची चूक करते. मे २००० पर्यंत अमेरिकन सरकार नागरी वापरासाठीच्या संदेशात मुद्दाम दोष मिसळत असे. तो काढून टाकल्यावर हे यंत्र सामान्य नौकेच्या खऱ्या उपयोगाचे झाले. भारताने स्वतःची नाविक ही उपग्रहमालाही उभारली आहे.

परंतु स्थान अचूक कळणे आणि मार्ग निर्धोक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्राला एक बिंदू सांगितला की ते तेथपर्यंत सरळ रेघ आखून देते, आणि त्या रेघेत भूशिर आहे, खडप आहे की दुसऱ्याची जाळी आहे याची त्याला फिकीर नसते. ज्याने मालवणच्या बंदरात शिरणारी वाट पाहिली आहे, किंवा वेंगुर्ल्यासमोरील खडकांच्या समूहाजवळून जो रात्री गेला आहे, त्याला सरळ रेघेचा धोका अधिक सांगायला नको. तसेच यंत्र जी दिशा दाखवते ती नौकेच्या नाळेची नसून नौका प्रत्यक्ष सरकते आहे तिची असते. उधाणाच्या ओढीत या दोहोंत मोठे अंतर पडते, आणि नौका थांबलेली असताना तर त्या आकड्याला काही अर्थच उरत नाही. होकायंत्र व जीपीएस यांतील फरक म्हणजेच पाण्याची ओढ, हे एकदा सांगितले की तांडेल ते क्षणात उचलतो, कारण ही ओढ त्याच्या अंगवळणी पडलेलीच असते. तिला अंक मिळाला एवढेच.

एक चूक मात्र मी इतक्यांदा पाहिली आहे की तिच्याविषयी थोडे थांबून सांगतो. अक्षांश-रेखांश लिहिण्याच्या दोन रीती आहेत, एकीत अंश, कला व कलेचे दशांश, दुसरीत अंश, कला व विकला. एकाने वायरलेसवर “सतरा अंश, तीस, पन्नास” असे सांगितले आणि ऐकणाऱ्याच्या यंत्रात दुसरी रीत लावलेली असली, तर ३०.५० कला म्हणजे वास्तविक ३० कला ३० विकला, त्या ऐवजी तो ३० कला ५० विकला धरतो. अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. म्हणून वीस विकलांची ही गफलत सहाशे मीटरांहून अधिक भरते. मदतीसाठी हाका मारणारी नौका रात्री सहाशे मीटर अलीकडे शोधली जाते, याचा अर्थ किनाऱ्यावरच्या कोणत्याही घरात समजावून सांगावा लागणार नाही. प्रत्येक बंदरातील सर्व नौकांनी एकच रीत ठरवून घ्यावी, यासाठी कायदा नको, निधी नको, मच्छीमार सोसायटीच्या एका बैठकीतला ठराव पुरे.

या यंत्रांविषयी एक आक्षेप मी आदराने ऐकला आहे. बापजाद्यांनी डोंगरावरचे देऊळ किल्ल्याच्या बुरुजाशी जुळवून जपलेल्या मासळीच्या जागा आता चार अंकांत साठवल्या जातात, आणि ते अंक मोठ्या ट्रॉलरवाल्याच्या हाती गेले की लहान नौकेचा वाटा संपतो. या कैफियतीत सत्य आहे. परंतु मोठ्या नौकांना आवर घालण्याचे साधन १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमात आहे, किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या हद्दीतील कारभार राज्याच्याच हाती आहे, आणि त्याच्या अंमलबजावणीचा आग्रह धरणे हाच त्यावरचा उपाय आहे. मोठ्यांच्या नौकेवर हे यंत्र जाणणारी माणसे पगारावर असतातच. न जाणण्याचा तोटा लहानालाच होतो.

केंद्र सरकारने ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू केली, तिचा खर्च सुमारे ३६० कोटी रुपये सांगितला गेला. संकटाचा संदेश देता यावा आणि वादळाची सूचना नौकेपर्यंत पोहोचावी, या हेतूच्या या योजनेचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. २००९ च्या नोव्हेंबरातील फयान वादळाने कोकणातील घरांवर जे संकट आणले ते ज्यांनी पाहिले, त्यांना या सूचनेचे मोल ठाऊक आहे. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून संभाव्य मत्स्यक्षेत्रांचे अक्षांश-रेखांशही नित्य प्रसिद्ध होतात. म्हणजे आकाशातून, किनाऱ्यावरून व पाण्याखालून येणारी माहिती त्या अरुंद केबिनमध्ये एकत्र येत आहे, आणि ती वाचणारा माणूस मात्र पडद्यावरचे इंग्रजी शब्द आकाराने व जागेने लक्षात ठेवतो आहे. मी पाहिलेल्या एकाही यंत्रात मराठी नव्हती, एकाही यंत्राबरोबर मराठी पुस्तिका नव्हती. वाव, खडप, उधाण, भांग, नाळ, सुकाणू अशी समर्थ परिभाषा ज्या व्यवसायात सजीव आहे, त्या व्यवसायातील माणसाला आपल्या जीविताचे साधन परक्या चिन्हांवरून ओळखावे लागावे, याचे मला फार वाईट वाटते.

वर्सोवा, अलिबाग, रत्नागिरी येथे मत्स्यव्यवसाय खात्याची प्रशिक्षण केंद्रे आहेत आणि तेथील सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमात तरुण मुले नौकानयन व डिझेल इंजिनाची देखभाल शिकतात. ही केंद्रे उपयुक्त आहेत, पण पन्नाशीचा तांडेल संसार टाकून सहा महिने तेथे राहू शकत नाही, आणि नौका चालवतो तो तोच. त्याच्यासाठी शिक्षणानेच बंदरावर आले पाहिजे, आणि त्याची वेळ निसर्गाने व कायद्याने ठरवून दिलेली आहे. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या बंदीत नौका शाकारलेल्या असतात, तळ कोरडा असतो, ट्रान्सड्यूसर डोळ्यांनी पाहता येतो, जागा बदलता येते, तारा तपासता येतात आणि तांडेल घरी असतो.

म्हणून मत्स्यव्यवसाय खात्याला माझा अर्ज असा आहे की यंत्राच्या अनुदानाची अखेरची रक्कम नौकेवर प्रत्यक्ष परीक्षण झाल्याखेरीज अदा होऊ नये. दोन ठिकाणी दोरीने मोजलेली खोली व यंत्राची खोली ताडून पाहावी, नौका पूर्ण वेगात असताना पडदा स्वच्छ राहतो की नाही ते पाहावे, आणि यंत्र बसवणाऱ्याने व तांडेलाने दोघांनीही त्या दाखल्यावर सही करावी. मच्छीमार सोसायट्यांना विनंती अशी की येत्या जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आपापल्या बंदरावर तीन दिवसांचा वर्ग मागून घ्यावा, आणि जुन्या तांडेलांना ठाऊक असलेल्या जाळी फाडणाऱ्या खडपांच्या जागा त्याच वेळी सोसायटीच्या एका वहीत अंकांसह उतरवून घ्याव्यात. शिकवायला माणूस मिळत नसेल तर किनाऱ्यावरच्या शाळांत पदार्थविज्ञान शिकवणारे शिक्षक आहेत, त्यांतील निवृत्तांना वेळही असतो. हर्णैपासून दाभोळपर्यंत ज्या सोसायटीला गरज वाटेल तिच्याकडे मी स्वतः येईन. मोबदला नको, फक्त एखादी नौका शाकारण्यापूर्वी तिचा तळ पाहू द्यावा.